पॅच होता, यादी नव्हती

शुक्रवार, १० डिसेंबर २०२१. वर्क फ्रॉम होमचे दिवस. मी सांगलीला घरी होतो. संध्याकाळचे सात वाजले होते, लॅपटॉप मिटायच्या बेतात होतो. शनिवारी पहाटे शाळेतल्या मित्रांबरोबर दंडोबाच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं. तेवढ्यात आमच्या टीम लीडचा फोन आला.

"अरे, लॉगफोरजे आपल्याकडे कुठेकुठे आहे?"

"बघून सांगतो."

"किती वेळ लागेल?"

खरं उत्तर होतं 'माहीत नाही'. मी म्हटलं, "तासाभरात." (आयटीतला माणूस कुठल्याही प्रश्नाला 'तासाभरात' असंच म्हणतो. हाडात भिनलेली सवय आहे ती.)

तो तास सोमवारी पहाटे संपला.

शुक्रवारी रात्री दीडच्या सुमाराला आई पाणी प्यायला उठली. मी हेडफोन लावून बसलेला, चेहरा पडलेला. घाबरलीच ती. "काय झालंय रे? कुणाचं काही बरंवाईट?" म्हटलं, तसं काही नाही, सर्व्हरमध्ये एक भोक सापडलंय, ते बुजवायचं चाललंय.

"मग बुजवा की! त्याला रात्रभर जागायला कशाला लागतंय?"

मंडळी, प्रश्न अगदी बरोबर होता. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी या विषयाचा इतिहास वाचत गेलो, आणि दर वेळी त्याच उत्तरापाशी येऊन पोचलो. आजचा लेख त्याबद्दल. शेवटी माझी एक चूकही कबूल करायची आहे, तेव्हा जरा धीर धरा.

आधी थोडी ओळख. 'रिमोट कोड एक्झिक्युशन' हा शब्द आपल्याकडे मेलमध्ये लाल अक्षरात येतो. याचा अर्थ एवढाच, की लांब कुठेतरी बसलेला अनोळखी माणूस तुमच्या मशिनवर त्याला हवा तो प्रोग्रॅम चालवू शकतो. पासवर्ड नको, लॉगिन नको. घराला कुलूप आहे, खिडक्या बंद आहेत, पण पत्रपेटीत ठराविक मजकुराची चिठ्ठी टाकली की घर आतून आपोआप उघडतं. असं काहीतरी. म्हणून याला सगळ्यात वाईट प्रकारचा बग म्हणतात.

पहिली गोष्ट २००१ सालची. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये असा बग सापडला, आणि १८ जून २००१ ला त्याचा पॅचही आला. सगळं शिस्तीत! एक महिन्यानंतर, १९ जुलैला, कोड रेड नावाच्या वर्मने १४ तासांच्या आत सुमारे ३ लाख ५९ हजार मशिन्स पकडली. (नाव ऐकायला भारी वाटतं, पण वर्मची चिरफाड करणारे इंजिनियर त्या वेळी त्या नावाचं थंड पेय पीत बसले होते, म्हणून ते पडलं.) पकडलेल्या मशिन्सनी ठरलेल्या तारखेला व्हाईट हाऊसच्या वेबसाईटवर हल्ला करायचा असा त्यात बेत होता. पण वर्ममध्ये पत्ता आकड्यात लिहून ठेवलेला होता. तिथल्या लोकांनी वेबसाईट दुसऱ्या पत्त्यावर हलवली आणि वर्म रिकाम्या घरावर दगड मारत बसला.

गंमत सोडा. महिनाभर पॅच हाताशी असताना लाखो मशिन्स उघडी का राहिली? आळस हे एक कारण झालंच. पण दुसरंही होतं. विंडोज २००० सर्व्हर टाकलं की आयआयएस त्याच्याबरोबर आपोआप बसायचं. आपल्या मशिनवर वेब सर्व्हर चालू आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं. ज्या गोष्टीचं अस्तित्वच माहीत नाही तिला पॅच कोण लावणार?

दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. २५ जानेवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत आले होते. अमेरिकेत शुक्रवारची मध्यरात्र. त्या वेळी एसक्यूएल स्लॅमर सुटला.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक छोटी सेवा होती, १४३४ नंबरच्या पोर्टवर. सरकारी कार्यालयात 'चौकशी' लिहिलेली खिडकी असते ना, तसं तिचं काम. कुणी विचारलं की 'अमुक नावाचा डेटाबेस कुठे आहे?', तर योग्य पोर्ट सांगायचा. विचारणाऱ्याने नाव फार लांबलचक पाठवलं तर मात्र ते ठरवून दिलेल्या जागेत मावायचं नाही, शेजारच्या मेमरीत सांडायचं, आणि सांडलेला भाग सर्व्हर आज्ञा म्हणून पाळायचा. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

स्लॅमर फक्त ३७६ बाइट्सचा होता! हा एवढा परिच्छेद त्यापेक्षा मोठा आहे. एकाच पॅकेटमध्ये अख्खा वर्म. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची संख्या दुप्पट होत होती. संशोधकांनी नंतर हिशोब मांडला तेव्हा दिसलं, की पकडता येण्याजोग्या मशिन्सपैकी ९० टक्के मशिन्स पहिल्या दहा मिनिटांत गेली. किमान ७५ हजार. दहा मिनिटांत माणूस काय करणार? ऑन-कॉल इंजिनियरचा फोन वाजून तो चष्मा शोधेपर्यंत खेळ खलास.

वर्मने डेटा पुसला नाही, काही चोरलं नाही. नुसती पॅकेट्स इतकी फेकली की रस्ते तुंबले. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं. बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएमवर व्यवहार अडले. सिएटलजवळच्या आपत्कालीन सेवेच्या नियंत्रण कक्षात लोकांना कागद-पेन काढावं लागलं. ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राच्या नेटवर्कमध्येसुद्धा तो एका कंत्राटदाराच्या जोडणीतून शिरला. नशीब, केंद्र तेव्हा बंद होतं.

आणि पॅच? तो आला होता २४ जुलै २००२ ला. सहा महिने आधी! हा बग शोधला होता डेव्हिड लिचफिल्ड या संशोधकाने. मायक्रोसॉफ्टला कळवून, पॅच येईपर्यंत थांबून मगच त्याने तो ब्लॅक हॅट परिषदेत दाखवला होता. बिल गेट्सनी सुरक्षेला पहिलं स्थान द्या असं सांगणारा प्रसिद्ध मेमो त्याच्याही आधी, जानेवारी २००२ मध्ये, सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवलेला होता. तरी स्लॅमरच्या दिवशी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतल्या नेटवर्कलाही फटका बसला. आता बोला!

पहिलं कारण साधं. तो पॅच लावायचा म्हणजे फायली हाताने जागच्या जागी कॉपी करायच्या. ज्याने कधी प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावलाय त्याला विचारा, चालू गाडीचं चाक बदलल्यासारखं वाटतं ते.

दुसरं कारण मात्र आपलं कोड रेडवालंच, फक्त मोठ्या आकारात. एसक्यूएल सर्व्हरचं एक छोटं, फुकट वाटायचं रूप होतं, एमएसडीई नावाचं. बऱ्याच कंपन्या ते आपापल्या प्रॉडक्टच्या पोटात घालून विकायच्या. तुम्ही घेतलं भलतंच सॉफ्टवेअर, आणि त्याच्याबरोबर १४३४ नंबरची खिडकी तुमच्या घरात उघडली गेली. तुमच्या डीबीएकडे सर्व्हर्सची यादी होती. त्या यादीतले सगळे त्याने इमानदारीत पॅच केले असतील. पण हे पोटातले डेटाबेस त्या यादीत कुठे होते?

त्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी, ठरवून पॅच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत हजारो पोरं महिन्यातला एक शनिवार 'पॅचिंग विंडो'मध्ये घालवतात, त्याचं मूळ हे. पॅच कधी येणार हे कळायला लागलं. तो कुठे लावायचा हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

तिसरी गोष्ट २०१७ ची, इक्विफॅक्सची. ही कंपनी म्हणजे अमेरिकेतल्या लोकांच्या कर्जाचा इतिहास सांभाळणारी. आपल्याकडे सिबिल स्कोअर बघतात ना, त्यातला प्रकार. ७ मार्च २०१७ ला अपाचे स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधला बग आणि त्याचा पॅच एकदमच जाहीर झाले. ८ मार्चला सरकारी यंत्रणेचा इशारा आला. ९ मार्चला इक्विफॅक्सच्या सुरक्षा विभागाने चारशेहून जास्त लोकांना मेल पाठवली, ४८ तासांत पॅच लावा. कागदावर याहून चांगली तत्परता कुठली?

पण ग्राहकांच्या तक्रारी नोंदवायची एक जुनी सिस्टीम होती, १९७० च्या दशकात मूळ असलेली. तिच्यात स्ट्रट्स होतं. ते जिच्या नावावर लिहिलेलं असेल अशी पूर्ण यादीच कंपनीकडे नव्हती. मेल योग्य माणसापर्यंत पोचली नाही. १५ मार्चला स्कॅनर चालवला, त्यात काही सापडलं नाही. का नाही सापडलं? स्कॅनरने वरचं फोल्डर पाहिलं. स्ट्रट्स होतं आतल्या फोल्डरमध्ये.

(हे वाक्य लक्षात ठेवा. माझी चूक इथेच येऊन मिळणार आहे.)

१३ मेला हल्लेखोर आत शिरले आणि ७६ दिवस आत राहिले. आत त्यांना साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले पासवर्ड मिळाले. त्यांच्या जोरावर आणखी ४८ डेटाबेस उघडले. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारं एक यंत्र होतं, पण त्याचं सर्टिफिकेट संपून १९ महिने झाले होते, म्हणून ते आंधळं होऊन पडलं होतं. २९ जुलैला कुणीतरी सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. सर्टिफिकेटचीसुद्धा यादी नव्हती, असंच म्हणायचं. मुदत संपलेली सर्टिफिकेट्स तीनशेहून जास्त निघाली.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये माजी सीईओ रिचर्ड स्मिथ यांनी अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलं, की एका माणसाने निरोप पुढे पोचवला नाही. साक्षीच्या आदल्याच दिवशी कंपनीने एका वरिष्ठ आयटी अधिकाऱ्याला काढून टाकलं होतं. कारण? मेल फॉरवर्ड केली नाही. चारशेहून जास्त जणांना गेलेली मेल! पुढे डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसच्या समितीचा अहवाल आला. त्यात म्हटलं, की हा प्रकार पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता. त्यात जुन्या सिस्टीम्स, तुटक जबाबदाऱ्या, अपुऱ्या नोंदी असं सगळं तपशिलात आहे. एका माणसाच्या फॉरवर्ड बटणावर १४ कोटी लोकांची माहिती टांगलेली असेल, तर चूक त्या बटणाची की टांगणाऱ्यांची?

आता परत डिसेंबर २०२१.

लॉगफोरजे ही जावामध्ये नोंदी लिहायची लायब्ररी. प्रोग्रॅममध्ये काय काय घडलं ते फाईलमध्ये उतरवून ठेवायचं, एवढंच काम. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांची वही असते, तसं. येणारा जे नाव सांगेल ते वहीत लिहायचं. पण २०१३ मध्ये या वहीत एक सोय घातली गेली. लिहायच्या मजकुरात विशिष्ट खूण असेल, तर ती नुसती लिहायची नाही, त्या पत्त्यावर जाऊन माहिती घेऊन यायची. म्हणजे पाहुण्याने नावाच्या रकान्यात 'अमक्या पत्त्यावरचं पार्सल आणून उघडा' असं सांगितलं, की वॉचमनकाका खरंच जाऊन पार्सल आणतात आणि सोसायटीच्या आत उघडतात. आठ वर्षं ही सोय तिथे होती आणि कुणाच्या डोळ्यात खुपली नाही.

२४ नोव्हेंबर २०२१ ला अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा टीममधल्या एका इंजिनियरने हे अपाचेला कळवलं. ९ डिसेंबरला बातमी जगभर फुटली. माइनक्राफ्ट खेळणारी पोरं चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेत होती. तीव्रता, १० पैकी १०. पॅच लिहिणारे कोण, तर आपली नोकरी सांभाळून फावल्या वेळात ही लायब्ररी सांभाळणारे मोजके स्वयंसेवक! आवृत्ती २.१५.० आली, ती अपुरी निघाली. मग २.१६.०, मग २.१७.०, मग २८ डिसेंबरला २.१७.१. शुक्रवारी लावलेला पॅच मंगळवारी शिळा.

जरा तारखा बघा. कोड रेडच्या वेळी आपल्याला एक महिना मिळाला होता. स्लॅमरच्या वेळी सहा. इक्विफॅक्सला दोन. लॉगफोरजेच्या वेळी बातमी आणि हल्ले जवळजवळ एकदमच आले. धावायला लागणारा वेळ संपत आलाय. म्हणून जे काही करायचं ते आग लागायच्या आधीच करून ठेवायला हवं. आणि ते म्हणजे आपल्याकडे काय काय आहे हे माहीत असणं.

ते आम्हाला माहीत नव्हतं. शुक्रवारी रात्री लीडने एक एक्सेल शीट उघडली. १४० ओळी, आणि एक रकाना, 'अफेक्टेड: हो / नाही'. ती शीटसुद्धा दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या एका माणसाने बनवलेली. माझ्या वाट्याला ३५ ओळी आल्या. प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन करायचं, फाईल शोधायची, सापडली तर जार उघडून त्यातला तो एक क्लास काढून टाकायचा, ॲप्लिकेशन परत चालू करायचं, ओळ हिरवी करायची. पहाटे चारनंतर हिरवा रंग दिसला की बरं वाटायला लागतं, पुढे बघायची इच्छा होत नाही.

एक जुनं ॲप्लिकेशन होतं. अहवाल तयार करणारं, महिन्यातून एकदा कुणीतरी वापरायचं. मी लायब्ररीच्या फोल्डरमध्ये नाव शोधलं. मिळालं नाही. 'नाही' लिहिलं, ओळ हिरवी केली, पुढे गेलो.

बुधवारी टीममधल्या एका ज्युनियर मुलीने तीच ओळ परत तपासली. कुणी सांगितलं नव्हतं, तिची तिने. ती मला खासगीत म्हणाली, "दादा, ते आत आहे. जारच्या आत दुसरी जार आहे, तिच्यात." मी वरचं फोल्डर पाहिलं होतं.

पाच दिवस ते सर्व्हर उघडं होतं आणि शीटवर हिरवं होतं. लॉग तपासले, बाहेरून कुणी आलेलं दिसलं नाही. नशीब, दुसरं काय! मी लीडला फोन करून सांगितलं. वाटलं आता शिव्या बसणार. ती दोन सेकंद गप्प राहिली, मग म्हणाली, "ओळ लाल कर. आणि बाकीच्या ३४ परत बघ." बस्स. तेव्हा हायसं वाटलं होतं. त्या दोन सेकंदांची किंमत नंतर इक्विफॅक्सचा अहवाल वाचताना कळली. तिने 'कुणाची चूक' असं विचारलं असतं, तर पुढच्या वेळी कुणीच ओळ लाल केली नसती.

पुढे जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने अहवाल दिला. एका केंद्रीय खात्याला या एका बगसाठी ३३ हजार तास घालवावे लागले, असं त्यात आहे. आणि लॉगफोरजेची जुनी रूपं कुठे ना कुठे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ सापडत राहतील, असंही. आता सॉफ्टवेअरच्या पोटात काय काय आहे याची यादी प्रॉडक्टबरोबरच द्या, असा आग्रह सगळीकडे सुरू झालाय. आपल्याकडे सर्ट-इननेही ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पाकिटावर घटक पदार्थ छापतात तसं. बिस्किटाच्या पुड्यावर मिळणारी माहिती बँकेच्या सर्व्हरबद्दल मिळायला एवढी वर्षं लागली!

पण यादी बनवणं हे कुणालाच आवडणारं काम नाही. त्याला प्रमोशन नाही, डेमो नाही, टाळ्या नाहीत. म्हणून ते दर तिमाहीत पुढे ढकललं जातं. मीही ढकललंय. आता महिन्यातला एक शुक्रवार मी त्याला देतो. आमच्या शीटमध्ये तीन रकाने वाढवलेत: पोटात काय काय आहे, मालक कोण, आणि शेवटचं कुणी डोळ्यांनी पाहिलं.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर असं, की बुजवायला दहाच मिनिटं लागतात. भोक कुठेकुठे आहे ते शोधायला रात्र जाते. हे तिला पुढच्या दिवाळीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरात काय कुठंय ते तुम्हालाच माहीत नाही. तुझं लहानपणापासून असंच आहे."

असो. दंडोबाला आम्ही शेवटी जानेवारीत गेलो. फोन मात्र सगळ्यांचे चालू होते :)

सोमवारी ऑफिसला गेलात की टीममध्ये एकदा विचारून बघा, आपली यादी कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडली होती. उत्तर 'तासाभरात सांगतो' असं आलं, तर समजून जा.